कोरडं वजन

प्वेर्तो मोंतच्या आमच्या वॉर्डात
मेपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस काचेला चिकटून असतो.
एलिसेओ वेंचूर, वय अकरा,
आधी बूट काढतो, मग लोकरी टोपी,
मग खिशातल्या गोट्या माझ्या ओंजळीत ओततो
आणि काट्यावर उभा राहतो.
पंचवीस किलो तीनशे.
कोरडं वजन चोवीस. वरचं सगळं पाणी,
ते मशीन काढून घेणार.
"कोरडं" या शब्दाचं त्याला हसू येतं.
"आमच्या बेटावर कोरडं काही नसतं, सिस्टर.
चुलीमागचं मांजर सोडलं तर."

रात्री दोनला उठून आलाय.
बापाची खटारा गाडी, एक फेरी, एक बस,
पुन्हा फेरी, पुन्हा तीच बस.
आई खुर्चीत टेकली की लगेच झोपते,
तोंड उघडं, पिशवी पोटाशी धरून.

आज सँतियागोहून कागद आलाय.
मुलांच्या जगण्याचा दर्जा मोजायचा आहे.
चोवीस प्रश्न, पाच चौकटी:
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.
सुया टोचून झाल्या. चार तास आहेत हातात.

गेल्या सात दिवसांत तुला थकवा आला?
"कुठले सात?
सोमवार, बुधवार, शुक्रवार तुमचे.
मंगळवार, गुरुवार मी अजून बोटीतच असतो,
घरात चाललो तरी जमीन हलते.
शनिवार माझा. रविवारी दुपारनंतर पाय सुजतात.
म्हणजे दीड.
दीड दिवसाचं सांगू?"
मी "कधीकधी"वर खूण केली.
पेन जरा अडखळलं.

खाण्यापिण्यात अडचण येते?
त्यांच्या घरामागे बटाटे होतात,
जांभळे, काळपट, म्हाताऱ्याच्या बोटांसारखे वाकडे.
आई ते बारीक चिरते, रात्रभर भिजवते, पाणी फेकते,
उकडते, तेही पाणी फेकते.
"मग बटाट्याचा फक्त आकार उरतो."
आणि ते पाणी?
"डुकरांना. आमची डुकरं मजेत आहेत."

पाण्याबद्दल कागदात प्रश्नच नाही.
दिवसाला सहाशे मिली, निळ्या कपावर नेलपॉलिशची रेघ,
आणि बाहेर पन्हळीतून बादल्याच्या बादल्या वाहून जातात.
एकदा त्याने मला विचारलं होतं,
नुसता ऐकला तर पाऊस किती मिली धरायचा?
मी डॉक्टरांना विचारते म्हटलं.
विचारलं नाही.

चौदावा प्रश्न: इतर मुलं तुला चिडवतात?
तो माझ्याकडे बघतो, जणू मीच लहान.
"माझ्या हातात फेरीचं इंजिन आहे, सिस्टर.
कान लावला की घरघरतं.
सगळ्या वर्गाला ऐकायचं असतं.
एका कानाला एक गोटी."

दोन वर्षं त्या गोट्या मी वजनाआधी धरून उभी आहे.
मला वाटायचं, खेळतो.

भविष्याची काळजी वाटते?
तो आईकडे हनुवटी करतो.
"तिला विचारा.
पण आत्ता नको उठवू."

मशीन थांबलं. सुया काढल्या,
दहा मिनिटं बोटांनी दाबून धरलं.
चोवीस किलो शंभर.
गोट्या परत दिल्या, त्याने मोजून घेतल्या,
माझ्यावर विश्वास असला तरी मोजतो.
मग दुसरा हात पुढे, सुईवाला नाही, बोलवायला:
"या. तुम्हाला फुकट."
रोज स्टेथोस्कोपने ऐकते मी हे,
वहीत लिहिते, आवाज ठीक.
कान कधी टेकवला नव्हता.
पट्टीच्या जरा वर, ऊबदार कातडीखाली,
कुणीतरी धुक्यात बोट चालू ठेवली होती.

चौदाव्यापुढे मी खूण केली नाही.
सँतियागोहून फोन येईल, येऊ दे.
आई उठली, डोळे चोळत पहिलं विचारलं, किती?
शंभर जास्त, मी म्हटलं.
तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं.
"मोजा दाखव."
उजव्या मोजातून एक हिरवी गोटी निघाली.